घरच्या माणसाने लिहिलेला इतिहास

कुळाचा इतिहास कुळातल्या माणसाने लिहावा की परक्याने, हा वाद जुना आहे. घरच्या माणसाला माजघरातले सारे ठाऊक असते. पण ते ओसरीवर आणावयास त्याचे मन धजत नाही. परक्याची जीभ मोकळी असते. पण माजघराचा उंबरठा त्याला ओलांडता येत नाही. राजकीय पक्षांच्या इतिहासात तर ही अडचण दुणावते. अनुयायी लिहू लागला की इतिहासाची आरती होते, आणि प्रतिपक्षी लिहू लागला की त्याचे आरोपपत्र बनते. या दोहोंच्या मधून वाट काढणारा एक इंग्रज इतिहासकार विसाव्या शतकात होऊन गेला. त्याच्या जीवनाचा आणि ग्रंथांचा परिचय करून देण्याचा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

या इतिहासकाराचे नाव रॉबर्ट ब्लेक. ब्रिटनमधील कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला आपली वृत्तपत्रे पूर्वीपासून हुजूर पक्ष म्हणत आली. त्या हुजूर पक्षाचे ब्लेक हे इतिहासकार होते आणि त्या पक्षाचे उघड अनुयायीही होते. त्यांनी ही निष्ठा कधी लपविली नाही. तथापि त्यांचे ग्रंथ वाचताना या पक्षाच्या विरोधकालाही आपली फसवणूक झाली असे वाटत नाही. हे त्यांना कसे साधले, हा खरा प्रश्न आहे.

ब्लेक यांचा जन्म 23 डिसेंबर 1916 रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील नॉर्फोक परगण्यात झाला. वडील नॉरिच येथील शाळेत शिक्षक होते. घरात ना जहागीर होती, ना राजकारणाची वंशपरंपरा. ज्या पक्षाचा इतिहास पुढे ब्लेक यांनी लिहिला, त्यात अमीर-उमरावांचा भरणा होता. ते स्वतः मात्र शिक्षकाचे चिरंजीव होते. ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयात तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हे विषय घेऊन 1938 साली ते पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. पुढे बॅरिस्टर व्हावयाचे, असा त्यांचा मानस होता. पण दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि कायद्याची पुस्तके बाजूला पडली.

युद्धात ते तोफखान्यात अधिकारी होते. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात 1942 साली तोब्रुकचे ठाणे पडले, तेव्हा हजारो सैनिकांबरोबर तेही शत्रूच्या हाती सापडले. इटलीतील युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांना दिवस काढावे लागले. अखेर 1944 साली ते तेथून निसटून स्वपक्षाच्या सैन्यास येऊन मिळाले आणि युद्ध संपल्यानंतर 1946 पर्यंत गुप्तवार्ता खात्यात काम करीत राहिले. राज्ये, सेनापती आणि मंत्री यांच्या निर्णयांची किंमत सामान्य माणूस कशी मोजतो, हे त्यांनी असे स्वतः अनुभवले होते.

युद्धानंतर 1947 साली ऑक्सफर्डच्याच क्राइस्ट चर्च महाविद्यालयात राज्यशास्त्राचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी एकवीस वर्षे विद्यार्थी घडविले. याच काळात, म्हणजे 1957 ते 1964 पर्यंत, ऑक्सफर्डच्या नगरपालिकेत हुजूर पक्षाचे सभासद म्हणूनही ते बसत. पक्ष म्हणजे केवळ लंडनमधील भाषणे नव्हेत, हे त्यांना अशा रीतीने प्रत्यक्ष व्यवहारातून समजले.

त्यांचे पहिले मोठे काम संपादनाचे होते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सरसेनापती डग्लस हेग याची दैनंदिनी आणि खाजगी कागदपत्रे त्यांनी निवडून 1952 साली प्रसिद्ध केली. सेनापती मंत्र्यांविषयी आणि आपल्या सहकाऱ्यांविषयी मनात काय म्हणत होता, हे लोकांना त्यात वाचावयास मिळाले. मोठ्या माणसांची जाहीर भाषणे निराळी आणि त्यांची दप्तरे निराळी. इतिहासकाराने दप्तर उघडले पाहिजे, हा धडा त्यांनी येथे गिरविला आणि पुढे आयुष्यभर सोडला नाही.

त्यानंतर 1955 साली त्यांनी बोनर लॉ याचे चरित्र लिहिले. बोनर लॉ हे नाव आज इंग्लंडातही फारसे कोणी घेत नाही. कॅनडात जन्मलेला, ग्लासगोच्या लोखंडाच्या व्यापारात वाढलेला हा मितभाषी गृहस्थ. पत्नी 1909 साली वारली आणि 1917 साली त्याचे दोन मुलगे युद्धात पडले. हुजूर पक्षाच्या सभासदांनी 19 ऑक्टोबर 1922 रोजी लंडनच्या कार्ल्टन क्लबात सभा घेऊन लॉइड जॉर्जच्या संयुक्त मंत्रिमंडळातून बाहेर पडण्याचे ठरविले. त्या सभेत बोनर लॉ बोलला आणि पारडे फिरले. तो मुख्य प्रधान झाला. पण घशाच्या कर्करोगाने त्याला सात महिन्यांतच राजीनामा द्यावा लागला आणि त्याच वर्षी, 1923 साली, त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत अज्ञात सैनिकाच्या समाधीनजीक त्याच्या अस्थी ठेवण्यात आल्या. तेव्हा अज्ञात सैनिकाशेजारी अज्ञात मुख्य प्रधानास जागा मिळाली हे योग्यच झाले, असे उद्गार ॲस्क्विथने काढल्याचे सांगतात. ब्लेक यांनी तेच विशेषण ग्रंथाच्या नावात घेतले. मात्र ॲस्क्विथने जे टोचून म्हटले होते, त्यातून या ग्रंथात एका प्रामाणिक, खिन्न आणि कर्तबगार पुरुषाची ओळख झाली. उपहासाचे शब्द उचलून त्यांना न्यायाच्या कामाला लावण्याची ही हातोटी पाहण्यासारखी आहे.

परंतु ब्लेक यांची खरी कीर्ती 1966 साली प्रसिद्ध झालेल्या डिझरायलीच्या चरित्रावर उभी आहे. बेंजामिन डिझरायली म्हणजे हुजूर पक्षाचे जणू कुलदैवत. ज्यू घराण्यात 1804 साली जन्मलेला, बाराव्या वर्षी बाप्तिस्मा झालेला, कादंबऱ्या लिहिणारा आणि भडक पोशाख करून मिरवणारा हा तरुण जमीनदारांच्या पक्षाचा पुढारी होऊन दोनदा मुख्य प्रधान झाला, ही कथाच मुळात अद्भुत. तो 1881 साली वारला आणि दोनच वर्षांनी त्याच्या अनुयायांनी त्याच्या आवडत्या प्रिमरोझ फुलाच्या नावाने एक संघटना स्थापन केली. पुढे 1910 ते 1920 या दरम्यान त्याचे सहा खंडांचे भव्य चरित्र निघाले. त्यामुळे मूर्तीवर शेंदराचे थर चढत गेले. डिझरायली म्हणजे गरिबांचा कैवारी, लोकशाहीला हुजूर पक्षात आणणारा द्रष्टा, साम्राज्याचा स्वप्नद्रष्टा, ही प्रतिमा पक्षाच्या व्यासपीठांवरून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली.

ब्लेक यांनी हा शेंदूर हलक्या हाताने खरवडला. डिझरायली आपले पूर्वज स्पेनमधून हद्दपार होऊन व्हेनिसला आले, असे अभिमानाने सांगत असे. वस्तुतः त्याचा आजा 1748 साली इटलीतील चेंतो या लहान गावातून इंग्लंडात आला होता, आणि त्या थोर वंशावळीला पुरावा नव्हता. विशी ओलांडण्यापूर्वी त्याने दक्षिण अमेरिकेतील खाणींच्या शेअर्सवर सट्टा खेळून हात पोळून घेतले होते, आणि त्या वेळी सुरू झालेल्या कर्जाने त्याचा पाठलाग कैक वर्षे सोडला नाही. मताधिकार वाढविणारा 1867 चा कायदा ही दूरदृष्टीची योजना नव्हती. प्रतिपक्षावर मात करण्यासाठी सभागृहात दिवसागणिक केलेली ती तडजोड होती. इतकेच नव्हे, तर 1874 साली भरघोस बहुमताने अधिकारावर आल्यावर त्याच्या हाती सामाजिक सुधारणांचा कोणताच तयार आराखडा नव्हता. ते पाहून त्याचा गृहमंत्री क्रॉस निराश झाला होता. पुढे ज्या सुधारणा झाल्या, त्यांचे बरेचसे श्रेय याच क्रॉसला जाते.

या चरित्रातील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. रॉबर्ट पील 1841 साली मुख्य प्रधान झाला, तेव्हा डिझरायलीने त्याला पत्र लिहून मंत्रिमंडळात जागा मागितली होती. ती मिळाली नाही. पुढे 1846 साली धान्यावरील आयातकर रद्द करण्याच्या प्रश्नावर डिझरायलीने आपल्याच पुढाऱ्यावर, म्हणजे पीलवर, विषारी वाग्बाणांचा वर्षाव केला. तेव्हा पीलने विचारले की, मी इतका वाईट होतो तर माझ्या हाताखाली काम करावयास आपण तयार कसे होता? डिझरायलीने भर सभागृहात सांगितले की, आपण जागा मागितलीच नव्हती. हे धडधडीत असत्य होते. पीलपाशी ते पत्र होते. पण त्याने ते वाचून दाखविले नाही. ब्लेक हा प्रसंग झाकून ठेवीत नाहीत. तसेच त्याचा डांगोराही पिटीत नाहीत. एकाचे असत्य आणि दुसऱ्याचे मौन ते शेजारी शेजारी मांडतात, आणि थोर कोण हे वाचकाने ठरवावे म्हणून पुढे जातात.

मग डिझरायलीत उरले काय? पुष्कळच उरले, असे ब्लेक यांचे उत्तर आहे. पराभवाने न खचणारे धैर्य, तल्लख विनोद, सभागृहाची नाडी ओळखण्याची शक्ती, आणि सुएझ कालव्याचे 1,76,602 शेअर्स 1875 साली सुमारे चाळीस लक्ष पौंडांना खरेदी करण्याची चपळाई, हे गुण खोट्या दंतकथांच्या आधाराशिवायही उभे राहतात. देव्हाऱ्यातून उतरविल्यावर तो माणूस अधिक जिवंत दिसू लागला. स्वपक्षाच्या देवतेची अशी चिकित्सा एखाद्या विरोधकाने केली असती, तर ती द्वेषमूलक म्हणून बाजूला सारली गेली असती. घरच्या माणसाने केली म्हणून ती टिकली.

येथे थोडे थांबून आपल्याशी निगडित अशी एक गोष्ट सांगावयास हवी. हिंदुस्थानातील 1857 च्या उठावाच्या वार्ता लंडनला पोहोचल्या, तेव्हा 27 जुलै 1857 रोजी याच डिझरायलीने कॉमन्स सभेत प्रदीर्घ भाषण केले. त्या वेळी तो विरोधी बाकांवर होता. हे केवळ शिपायांचे बंड आहे की राष्ट्राचा उठाव आहे, असा प्रश्न त्याने विचारला, आणि काडतुसांना लावलेल्या चरबीसारख्या कारणाने साम्राज्ये कोसळत नसतात, असे बजावले. देशी राज्ये नष्ट करणे, मालमत्तेची घडी विसकटणे आणि धर्मात हात घालणे ही त्याने कारणे दिली. हिंदू राजांचा दत्तक घेण्याचा हक्क डावलून राज्ये खालसा करण्याच्या धोरणावर त्याने बोट ठेवले. सातारा, झाशी, नागपूर ही नावे ज्यांच्या मनात आजही सल उठवितात, त्यांना या भाषणाचे मोल सांगावयास नको. पुढे 1862 साली संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा देण्यात आल्या. आणि डिझरायली मुख्य प्रधान असताना, 1875 साली, बडोद्याच्या गादीवर महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक दिलेले सयाजीराव आले.

यात दयाबुद्धी किती आणि पक्षीय डावपेच किती, असे कोणी विचारील. याच डिझरायलीने 1876 साली व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचा किताब देणारा कायदा करून घेतला. परंपरेचा आदर हा त्याच्या मनात साम्राज्य टिकविण्याचाच एक मार्ग होता. परंपरानिष्ठ राजकारणाचे बळ आणि त्याची मर्यादा ही दोन्ही येथे एकाच वेळी दिसतात. जे रुजलेले आहे ते उपटू नका, असे ते राजकारण सांगते. पण जे रुजलेले आहे त्यावर सत्ता कोणाची, हा प्रश्न ते विचारीत नाही.

ब्लेक यांनी 1968 साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या फोर्ड व्याख्यानांतून पक्षाचा समग्र इतिहास आकारास आला. पीलपासून चर्चिलपर्यंतचा हा आलेख 1970 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ग्रंथाचा आरंभ डिझरायलीने नव्हे तर पीलने होतो, हेच अर्थपूर्ण आहे. मताधिकार वाढविणारा 1832 चा कायदा हुजूरांनी प्राणपणाने विरोधिला होता. तो पास झाल्यावर पीलने 1834 साली टॅमवर्थ येथील मतदारांना उद्देशून जाहीरनामा काढला आणि जे एकदा कायद्याने ठरले ते आम्ही उलटविणार नाही, अशी ग्वाही दिली. बदलाला शक्य तोवर विरोध करावा. पण तो झाल्यावर त्याच्याशी नांदावे, हा या पक्षाच्या दीर्घायुष्याचा मंत्र होय.

पण हा मंत्र घालून देणाऱ्या पीलच्याच हातून पक्ष फुटला. वर सांगितलेल्या 1846 च्या धान्यकरांच्या प्रश्नावर पक्षाची दोन शकले झाली. मधल्या काळात तीन वेळा हुजूर मंत्रिमंडळे आली. पण ती अल्पमतातील होती. स्वतःचे स्पष्ट बहुमत मिळावयास या पक्षाला 1874 साल उजाडावे लागले. फुटीची शिक्षा अठ्ठावीस वर्षे! 1906 आणि 1945 चे दारुण पराभवही पक्षाने पचविले. ब्लेक यांनी 1985 साली थॅचरबाईंपर्यंत आणि 1997 साली जॉन मेजरपर्यंत हा ग्रंथ वाढवीत नेला. त्याच 1997 साली पक्षाच्या वाट्याला अवघ्या 165 जागा आल्या. आणि ब्लेक यांच्या पश्चात 2024 साली तर 121 च. उतरती कळा आणि पुनरुत्थान यांची जी लय त्यांनी दाखविली, ती पुढेही चालेल की नाही, हे काळच ठरवील.

त्यांच्या स्वतंत्र बुद्धीचा आणखी एक दाखला आहे. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 1974 च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला मजूर पक्षापेक्षा सुमारे सव्वादोन लक्ष मते अधिक मिळाली. पण जागा 297 मिळाल्या, आणि मजूर पक्षाला 301. लिबरल पक्षाला साठ लक्षांहून अधिक मते मिळून जागा अवघ्या 14. हा हिशेब पाहून हॅन्सर्ड सोसायटीने निवडणूक पद्धतीच्या सुधारणेसाठी मंडळ नेमले व ब्लेक त्याचे अध्यक्ष झाले. मंडळाने 1976 साली मतांच्या प्रमाणाकडे झुकणारी पद्धत सुचविली. प्रचलित पद्धतीने ज्या दोन मोठ्या पक्षांचे फावत होते, त्यांपैकी एक ब्लेक यांचाच होता. शिफारस अमलात आली नाही. पण पक्षाची सोय आणि न्याय यांत फरक असतो, हे इतिहासकाराने कृतीने दाखविले.

त्यांच्या ग्रंथांत उणीव नाही असे नाही. त्यांचा इतिहास हा मुख्यतः वरच्या मजल्याचा इतिहास आहे. मंत्री, पुढारी, त्यांची पत्रे, मेजवान्या आणि कारस्थाने यांनी तो भरलेला आहे. ज्या कामगाराने आपल्या वर्गाच्या पक्षाला सोडून हुजूर उमेदवाराला मत दिले, ज्या स्त्रियांनी गावोगाव पक्षाचे काम केले, त्यांचा आवाज त्यात क्षीण आहे. नंतरच्या इतिहासकारांना ही जागा भरून काढावी लागली.

ब्लेक यांना मानसन्मानही पुष्कळ लाभले. ते 1968 ते 1987 पर्यंत ऑक्सफर्डच्या क्वीन्स महाविद्यालयाचे प्रमुख होते. त्यांना 1971 साली लॉर्ड पदवी मिळाली. राष्ट्रीय चरित्रकोशाचे ते दहा वर्षे सहसंपादक होते. एक मान मात्र हुकला, आणि तो कसा हुकला हे ऐकण्यासारखे आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या कुलपतिपदासाठी 1987 साली निवडणूक झाली. ब्लेक उभे राहिले. आणि हुजूर पक्षाचेच माजी मुख्य प्रधान एडवर्ड हीथ हेही उभे राहिले. प्रतिस्पर्धी होते मजूर पक्षातून बाहेर पडलेले रॉय जेन्किन्स. जेन्किन्स यांना 3,249, ब्लेक यांना 2,674 आणि हीथ यांना 2,348 मते पडली. हुजूरांची मते दुभंगली आणि जेन्किन्स निवडून आले. घरातली फूट परक्याच्या पथ्यावर पडते, हे ज्याने पीलच्या प्रकरणात इतक्या बारकाईने मांडले, त्यालाच तिचा फटका सोसावा लागला! पुढे 20 सप्टेंबर 2003 रोजी वयाच्या 86 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या समाजाने वाचनालये, शाळा, नाट्यमंडळे, गणेशोत्सव मंडळे कष्टाने उभारली. त्यांचे रौप्य आणि सुवर्ण महोत्सव होतात, स्मरणिका निघतात, अध्यक्षांची छायाचित्रे छापली जातात. संस्था कोणत्या साली कशावरून दुभंगली, कोणाचे कोणते पत्र दडवून ठेवले, कोणी मनाचा मोठेपणा दाखवून गप्प बसले, हे त्यांत सहसा येत नाही. जाणते लोक जातात आणि त्यांच्याबरोबर ते ज्ञानही जाते. मग उरते ती आरती, किंवा कुचाळकी. इतिहास उरत नाही.

अशा वेळी ब्लेक यांचे उदाहरण उपयोगी पडावे. त्यांनी आपल्या घरावर प्रेम केले आणि घराच्या पेट्याही उघडल्या. देवाचा शेंदूर खरवडल्याने देव कोपला नाही. उलट आतली मूर्ती प्रथमच नीट दिसली. सत्य सांगितल्याने निष्ठा उणावते, ही समजूत खोटी आहे. आपल्या माणसांविषयीचे सत्य सहन करण्याइतके बळ जिच्यात नाही, ती निष्ठा नव्हे, भीती होय. तेव्हा ज्यांच्या घरी एखाद्या जुन्या संस्थेचे दप्तर फडक्यात बांधून पडले असेल, त्यांनी त्याची गाठ एकदा सोडून पाहावी. वाळवीने ते वाचण्यापूर्वी माणसाने वाचलेले बरे.